लष्करी अधिकारी व्हायचंय? आधी कालनिर्णय काढा

२०२५ च्या चतुर्थीला आरती आटोपून आम्ही ओटीवर बसलो होतो. माटोळीला टांगलेल्या आंबाड्यांखाली शेजारची मुलगी उभी होती, बारावी सायन्सची. तिने हळूच विचारलं, "काका, आर्मी बरी की नेव्ही?" फोंड्याच्या आसपास मी माजी फौजी म्हणून ओळखला जातो, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून दहा वेळा तरी येतो. म्हटलं, "ते नंतर. तुझी जन्मतारीख सांग." १४ ऑगस्ट २००८. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि दोघांनी मिळून महिने मोजले.

गोव्यातली मुलं या वाटेला लागतात ती बहुतेक डोळ्यांनी. दाबोळीला विमानाची वाट पाहताना नेव्हीच्या आयएनएस हंसा तळावरून मिग-२९के लढाऊ विमान घोंघावत उडताना दिसतं, वेरेंला नेव्हीचं वॉर कॉलेज दिसतं, बांबोळीला सिग्नल ट्रेनिंग सेंटरचे जवान कवायतीला जाताना दिसतात. मग मनात एक गणवेश पक्का होतो. पण या भरतीत गणवेशाच्या आधी वय बघतात. एकेक दार ठरावीक वयाला उघडतं आणि ठरावीक वयाला कायमचं बंद होतं. पंचवीस वर्षांच्या, एम.एस्सी. झालेल्या हुशार मुलाला "एनडीएचा फॉर्म कुठे मिळेल?" असं विचारताना पाहिलं की वाईट वाटतं. एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, ते बारावीच्या वयाचं दार.

आधी एक गोंधळ दूर करू. गावात "पोर मिलिटरीत गेलं" म्हणतात तेव्हा ते जवान म्हणून गेलं की अधिकारी म्हणून, हे कोणी विचारत नाही. भरती मेळाव्यातून २०२२ पासून अग्निवीर घेतात. ते चार वर्षांसाठी असतात आणि त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात. अधिकारी म्हणजे राष्ट्रपतींच्या नावे कमिशन मिळालेला लेफ्टनंट, सब-लेफ्टनंट किंवा फ्लाइंग ऑफिसर. त्याची निवड वेगळी आणि प्रशिक्षण वेगळं. दुसरा गोंधळ खास आपला. आपल्याकडे "नेव्ही" म्हटलं की अर्ध्या घरांना बोटीवरची नोकरी आठवते. मर्चंट नेव्ही हा मालवाहू आणि प्रवासी जहाजांचा धंदा आहे, पगार डॉलरमध्ये, करार महिन्यांचा. भारतीय नौदल म्हणजे संरक्षण दल. एका मावशीने मला सरळ विचारलं होतं, "नेव्हीत गेला तर सहा महिन्यांनी सुट्टी येणार ना, आमच्या ह्यांना बोटीवर यायची तशी?" नाही येणार.

बारावीच्या आत किंवा बारावीवर

इथलं मुख्य दार एनडीए, पुण्याजवळ खडकवासल्याला. लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. पणजी हे परीक्षा केंद्र आहे, त्यामुळे त्यासाठी बेळगाव-पुणे गाठायला नको. अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं आणि लग्न झालेलं नसावं. बारावीत शिकत असतानाही फॉर्म भरता येतो.

आता शेजारच्या मुलीचं गणित. साडेएकोणीस ती १४ फेब्रुवारी २०२८ ला पूर्ण करणार. एनडीएचे कोर्स जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. म्हणजे जानेवारी २०२८ चा कोर्स तिचा शेवटचा, आणि त्याची लेखी परीक्षा एप्रिल २०२७ ला. सप्टेंबर २०२५ ची परीक्षा तिच्या वयात बसत होती, पण त्याचे फॉर्म जूनमध्येच बंद झालेले. उरल्या तीन: एप्रिल २०२६, सप्टेंबर २०२६, एप्रिल २०२७. कॅलेंडरच्या मागच्या पानावर आम्ही तीन वर्तुळं काढली. ती म्हणाली, "मला वाटलं होतं वय आहे अजून खूप." सगळ्यांना तेच वाटतं. जाहिरातीत "अमुक तारखेच्या आधी जन्मलेला नसावा, तमुक तारखेनंतर जन्मलेला नसावा" असं एक रुक्ष वाक्य असतं. सगळ्यात आधी ते वाचायचं. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी अर्ज बाद होतो.

मुलींना एनडीएत प्रवेश २०२२ पासून आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर. पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. मुलींच्या जागा मात्र अजून मोजक्याच आहेत, म्हणून लेखीतले गुण त्यांना जास्त जपावे लागतात.

परीक्षा नऊशे गुणांची. गणिताचे ३००, सामान्य क्षमतेचे ६००, आणि त्या सहाशेतले २०० इंग्रजीचे. दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे. चुकलं तर एक तृतीयांश गुण कापतात. कागदावर आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते, नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतात. पण कॉमर्सच्या मुलाने "आर्मीला आर्ट्सही चालतं" एवढंच वाचून खूश होऊ नये. गणिताचा पेपर अकरावी-बारावीच्या गणितावर आहे आणि त्याला वळसा नाही. म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच घरात हा विषय निघायला हवा. बारावीत जाऊन निघाला तर उशीर झालेला असतो.

सायन्सच्या मुलांना आणखी दोन दारं आहेत, जिथे यूपीएससीची लेखी परीक्षा नाही. आर्मीची टीईएस (टेक्निकल एंट्री स्कीम): पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, साठ टक्के, जेईई मेन दिलेली, वय एनडीएइतकंच, अजून फक्त मुलग्यांसाठी. नेव्हीची बी.टेक. कॅडेट एंट्री: पीसीएममध्ये सत्तर टक्के, आणि निवड जेईईच्या क्रमांकावरून. दोन्हीत इंजिनिअरिंगची पदवी सरकारी खर्चाने होते. नेव्हीच्या प्रशिक्षणाला केरळात एळिमलाला जावं लागतं. मडगावहून कोकण रेल्वेने पय्यन्नूरला उतरायचं. २००९ पर्यंत नेव्हल अकादमी आपल्या मांडवीकाठीच होती, वेरेंला. ती हलली तेव्हा माझे वडील कित्येक दिवस हळहळत होते, जणू घरातलीच वस्तू कोणी उचलून नेली.

डॉक्टर व्हायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी, सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज. तिथे 'नीट' परीक्षेतून जातात.

पदवीनंतर

एनडीए हुकलेल्या मुलांना वाटतं सगळं संपलं. खरं तर बहुतेक दारं इथे आहेत. मी स्वतः सीडीएसमधून, म्हणजे कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेसच्या परीक्षेतून गेलो.

सीडीएसही यूपीएससीचीच, वर्षातून दोनदा, पदवीच्या शेवटच्या वर्षापासून देता येते. एकाच फॉर्ममध्ये चार अकादम्यांचा पसंतीक्रम भरायचा: डेहराडूनची आयएमए (इंडियन मिलिटरी अकादमी), नेव्हीची एळिमला, हैदराबादजवळ दुंडिगलची एअर फोर्स अकादमी, आणि चेन्नईची ओटीए (आर्मीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी). आयएमए ढोबळमानाने एकोणीस ते चोवीस वयात, ओटीए पंचवीसपर्यंत. नेव्हीला इंजिनिअरिंगची पदवी लागते. एअर फोर्सला इंजिनिअरिंग तरी, नाहीतर बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेऊन पुढे कुठलीही पदवी. ओटीएला गणिताचा पेपर नाही, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. सीडीएसमधून मुलींना ओटीएच खुलं आहे.

इथे एक फरक घरच्यांना आधीच समजावून सांगा. आयएमएतून मिळतं ते पर्मनंट कमिशन. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे दहा वर्षं, हवी तर आणखी चार. दहा वर्षांनी पर्मनंटचा पर्याय मिळू शकतो, पण हमी नाही. चौदा वर्षांनी बाहेर पडलात तर पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी मिळते, हाताशी अनुभव असतो आणि वय चाळीसच्या आत असतं. गोव्यात सरकारी नोकरी म्हणजे पेन्शन, हे समीकरण इतकं पक्कं आहे की मी परत आलो तेव्हा आमच्या आत्याने वर्षभर "तुला काढलं का रे?" असं विचारलं. मला शॉर्ट सर्व्हिसचा पश्चात्ताप नाही. पण ज्याच्या घरात एकच कमावता आहे त्याने पसंतीक्रम भरताना यावर विचार करावा.

बाकीची दारं थोडक्यात. एअर फोर्सची स्वतःची परीक्षा एएफकॅट. फ्लाइंगला वीस ते चोवीस, जमिनीवरच्या शाखांना सव्विसापर्यंत. इंजिनिअरना आर्मीची टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) आणि एसएससी (शॉर्ट सर्व्हिस कमिशन) टेक्निकल, वय वीस ते सत्तावीस, लेखी परीक्षा नाही, गुणांवरून सरळ मुलाखतीचं बोलावणं. वकिलांना जॅग, म्हणजे आर्मीची कायदा शाखा. एलएलबीला पंचावन्न टक्के आणि सोबत क्लॅट पीजी या कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण. आणि एनसीसी. 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' ग्रेडने आणि पदवीला पन्नास टक्के असतील तर आर्मीच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. हे दार गोव्यातल्या मुलांना सगळ्यात जवळचं असूनही सगळ्यात कमी वापरलं जातं असं मला वाटतं. त्यावर शेवटी बोलतो.

कागदपत्रं, आणि आपल्याकडचे दोन सापळे

गोवा सरकारच्या नोकरीला लागतो तो पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला इथे कोणी मागत नाही. या भरतीत जातीचं आरक्षणही नाही. फी एनडीएला १०० रुपये, सीडीएसला २००, आणि मुलींना व एससी-एसटी उमेदवारांना माफ. इतकं सोपं.

पहिला सापळा नावाचा. आपल्या आजोबांच्या जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं असतं. शेट असेल तर स्पेलिंग एक्सने सुरू होतं, कामतांच्या शेवटी भलताच एम लागलेला असतो. वडिलांनी शाळेत ते बदललं, आधार कार्डावर तिसरंच आलं. यूपीएससीच्या नोंदणीत नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच टाका, त्यात एका अक्षराचाही फरक नको. आधार आणि दहावीत फरक असेल तर फॉर्म निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या. शेवटच्या आठवड्यात पंचायतीत आणि मामलेदार कचेरीत धावपळ करणारी मुलं मी पाहिली आहेत.

दुसरा सापळा मोठा आहे. अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या जन्माच्या आधारावर लिस्बनला नोंदणी केलेली असते, कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) लष्करात अधिकारी होता येत नाही. कधी आई-वडिलांनी मूल लहान असतानाच "असू दे, पुढे उपयोगी पडेल" म्हणून कागद हलवलेले असतात आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. घरात सरळ विचारा. तुमच्या नावाने लिस्बनला काही झालं असेल तर फॉर्म भरण्याआधी या विषयातल्या वकिलाला कागद दाखवा. हे लपवून पुढे जाऊ नका. अधिकाऱ्याची पोलिस पडताळणी होते, ती कडक असते.

एसएसबी: पाच दिवस

लेखी पास झालात किंवा सरळ बोलावणं आलं, तरी सगळ्या वाटा शेवटी इथेच येतात. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. एनडीएत लेखीचे ९०० आणि याचेही ९००.

गोव्यातून बेंगळुरूचं केंद्र आलं तर वास्कोहून यशवंतपूरची गाडी, भोपाळचं आलं तर गोवा एक्सप्रेस. एखाद्या एंट्रीला पहिल्यांदाच जात असाल तर प्रवासभाडं परत मिळतं. तिकीट जपून ठेवा.

पहिल्या दिवशी चाळणी. बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि नंतर गटात चर्चा करायची. अर्ध्याहून अधिक मुलं त्याच दिवशी दुपारी परत जातात. मीही पहिल्या खेपेला असाच परतलो. त्याआधी गोव्याबाहेरच्या एका क्लासमध्ये वडिलांनी पैसे भरले होते. तिथे तयार गोष्टी पाठ करून घेत: एक नायक, एक अडचण, गावकऱ्यांना एकत्र करणं, यश. चित्रात मला एक माणूस होडीजवळ वाकलेला दिसला. आमच्या गावात होड्या दुरुस्त करणाऱ्यांना मी लहानपणापासून बघत आलोय, पण मी लिहिलं ते पूरग्रस्तांना वाचवणारा तरुण नेता. चर्चेत बाकी सात जणांच्याही गोष्टीत पूर आणि तरुण नेता होता. त्याच क्लासचे असावेत.

दुसऱ्या खेपेला मी जे दिसलं तेच लिहिलं. बाकी दिवसांत मानसशास्त्राच्या चाचण्या असतात: बारा चित्रांवर गोष्टी, साठ शब्द प्रत्येकी पंधरा सेकंद, साठ प्रसंग तीस मिनिटांत. नंतर मैदानावर जीटीओ, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, लाकडी फळ्या, दोऱ्या आणि पिंपं देऊन गटाला अडथळे पार करायला लावतो. पांढऱ्या रंगाला हात लावायचा, लाल रंगाला नाही, असे नियम. जीटीओ बघतो तो माणसांकडे. फळी कोण पकडून ठेवतं, दुसऱ्याचं म्हणणं कोण ऐकतं, आपली युक्ती फसल्यावर कोण रुसतं. मुलाखतीत गावाबद्दल, वडिलांच्या धंद्याबद्दल, दहावीतल्या गुणांबद्दल भराभर विचारतात. आपल्या तालुक्यात खाणी कधी बंद झाल्या आणि त्याचा घरावर काय परिणाम झाला, एवढं तरी सांगता यायला हवं.

जत्रेतल्या नाटकांत काम केलेली आपली मुलं बोलायला घाबरत नाहीत, तो मोठा फायदा आहे. पण पाच दिवस नाटक चालत नाही. तिसऱ्या दिवशी थकल्यावर खरा माणूस बाहेर येतोच.

पायलट व्हायचं असेल तर अजून एक. त्याची संगणकावरची योग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. आदल्या रात्री प्रवासात जागून ती देऊ नका.

शरीर

उंची: आर्मीला मुलग्यांसाठी १५७ सेंटीमीटर, फ्लाइंगला १६२.५. सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, रंग ओळखण्यातला दोष, हे आताच कुठल्याही चांगल्या डॉक्टरकडून तपासून घ्या. कानातल्या मळासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून तात्पुरतं अपात्र ठरवलेली मुलं असतात. आणि टॅटू. किनाऱ्यावर स्वस्तात मिळतो म्हणून मानेवर किंवा दंडावर काढून घेतलेला टॅटू ही भरती संपवू शकतो. कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि हाताच्या पंजावर मागच्या बाजूला चालतो, बाकीकडे नाही. चष्म्यासाठी लेसर करायचं असेल तर वीस वर्षांच्या आत करू नका.

धावणं रोजचं हवं. अकादमीत जाताना आर्मी मुलग्यांकडून २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत अपेक्षित धरते. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो तेव्हा चढाच्या डांबरी रस्त्यावर पळा. आपल्या गावांत चढांना तोटा नाही. आणि पोहायला शिका. गोव्याच्या मुलाला पोहता येत नाही हे ऐकून चेन्नईत आमचा प्रशिक्षक आधी हसला आणि मग महिनाभर रोज मला तलावात उतरवत राहिला.

आर्मी बरी की नेव्ही

आता तो पहिला प्रश्न. पगाराने ठरवू नका, तो तिन्ही दलांत सारखाच: लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० रुपये, वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, भत्ते वेगळे. अकादमीच्या अखेरच्या टप्प्यातही महिना ५६,१०० स्टायपेंड मिळतो. गोव्यातच पोस्टिंग मिळेल म्हणूनही नेव्ही निवडू नका. नेव्हीचा अधिकारी विशाखापट्टणम, कोची, मुंबई, पोर्ट ब्लेअर, कुठेही असू शकतो. मूळचे गोमंतकीय जनरल सुनीत रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ लष्करप्रमुख होते, म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्या माणसाने पाण्यातच जावं असं काही नाही.

स्वतःला एवढंच विचारा: माणसं सांभाळायची आहेत की यंत्रं? पायदळातला बावीस वर्षांचा लेफ्टनंट तीस जवानांच्या घरच्या चिठ्ठ्या, भांडणं आणि रजा सांभाळतो. नेव्ही आणि एअर फोर्समध्ये सुरुवातीची वर्षं यंत्रांशी आणि त्यांच्या शास्त्राशी जास्त संबंध येतो. शेजारची मुलगी म्हणाली, "यंत्रं." मग तिला फिजिक्स-केमिस्ट्री सोडू नको म्हटलं आणि जेईई मेनही दे म्हटलं, मन नसलं तरी.

तिने विचारलं, "तिन्ही वर्तुळं हुकली तर?" तर वयाने एकोणिसाव्या वर्षी सीडीएसचं दार उघडतं, एनडीएचं बंद होतं त्याच सुमारास, फक्त पदवीचं शेवटचं वर्ष गाठायला हवं. तोपर्यंत पदवीचा एक विषय नीट शिका, आणि कॉलेज सुरू होताच पहिल्या आठवड्यात एनसीसीच्या खोलीत जा. 'बी' सर्टिफिकेट दोन वर्षांनी आणि 'सी' तीन वर्षांनी मिळतं. दुसऱ्या वर्षाला नाव घातलं तर पदवी संपेपर्यंत 'सी' हाती येत नाही. नावनोंदणीला छाती-उंची मोजतात, थोडं पळायला लावतात आणि जागा मोजक्याच असतात, म्हणून सकाळी लवकर जा, चप्पल घालून जाऊ नका.